मेंढीला अंगठा नसतो

आत्मकथन म्हातारपणी लिहावं, असं आमच्या संघटनेतल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी मला सुनावलं. "एकतिसाव्या वर्षी कसल्या आठवणी लिहितेस? आधी जग तरी थोडं." मी म्हटलं, मी एकतीसची असेन, माझं उजवं मनगट साठीचं आहे. हाडांच्या कुठल्याही डॉक्टरला फोटो दाखवा, तो तेच सांगेल. झिजलेलं, कडेला खरखरीत झालेलं, ढगाळ हवेत कुरकुरणारं. तेव्हा हे माझ्या मनगटाचं आत्मकथन समजा. त्याच्या वयाला ते शोभतं.

मला सवय पत्रकांची. एक पान, वर जाड मथळा, मधे मागण्या, खाली 'मोठ्या संख्येने या'. कडबाकुट्टीत बोटं गेलेल्या बाया, मागावर मनगट चेचलेले कामगार, उसाच्या मोळ्या वाहून ज्यांचे हात झोपेतसुद्धा मुंग्यांनी भरून येतात अशी माणसं, यांच्यासाठी मी दहा वर्षं पत्रकं लिहिते आहे आणि पुढेही लिहिणार आहे. पत्रकात 'कदाचित' चालत नाही. 'माझंही चुकलं' हे तर अजिबातच चालत नाही, मथळा पडतो. म्हणून हे प्रकरण मला पत्रकात मांडता आलं नाही. यात एका पत्रकाची गोष्ट आहे. ते मी लिहिलं, छापून आणलं, स्वतःच्या हाताने वाटलं, आणि ते अर्धं खोटं होतं.

आमची वस्ती म्हसवडपासून तासाभराच्या चालीवर, माळावर. चार घरं, सगळी भावकीतली. माझा आजा दिवाळी झाली की मेंढरं घेऊन घाट उतरायचा आणि पाऊस तोंडावर आला की परतायचा. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते फिरणं सोडलं. चाळीस मेंढरं आणि पाऊस येईल तेवढी बाजरी, यावर त्यांनी बूड टेकलं. माझ्या लहानपणची पहाट म्हणजे वाघरीतला खोकला. मेंढरं माणसासारखी खोकतात. आता मी राहते त्या सांगलीत हे कुणाला सांगितलं तर हसतात, पण वाघरीच्या जाळीआड चाळीस म्हातारे बसलेत असंच वाटायचं. मग कोकरांचा कालवा, मग आईची भाकरी. परातीत थापतानाचा आवाज कोरडा आणि घट्ट, आणि पाणी फिरवून तव्यावर पालथी घालतानाचा एकदाच, ओला. अंथरुणात पडल्या पडल्या मी मोजायची, किती झाल्या. थंडीत हुलग्याचं माडगं असायचं, लसूण इतका की नाक वाहायला लागायचं, आणि आई म्हणायची, "वाहू दे, डोसकं हलकं हुतंय." आज मी मेसच्या पातळ पोळ्या खाते. त्या कशाही केल्या तरी आवाज करत नाहीत.

घरासमोर कडुनिंब, आणि त्याखाली एक सपाट धोंडा. त्या धोंड्यावर सकाळी कुणी ना कुणी बसलेलं असायचं, एक हात दुसऱ्या हाताने छातीशी धरून. मोडका हात माणूस असाच आणतो, तान्ह्या लेकरासारखा. आण्णा हाड बसवायचे. त्यांच्या आधी आजा बसवायचा. दोघंही शिकले मेंढरांवर. माळावर मेंढीचा पाय खळग्यात गेला, मोडला, तर तिला खांद्यावर घेऊन किती चालणार? तिथंच बसवायचा, बांबूच्या कामट्या, आत तिचीच लोकर, वरून सुतळी. मेंढीचं जमलं म्हणून माणसंही यायला लागली. सामान तेच. कामट्या, लोकर, कांडवेलीचा वाटून केलेला लेप. नियम दोनच. कुणाकडून काही घ्यायचं नाही, आणि रक्त दिसलं तर हात लावायचा नाही. "कातडं फाटलं की ते माझं काम न्हाई. दवाखाना गाठा, बसू नका हितं," असं म्हणून ते माणसाला धोंड्यावरून अक्षरशः उठवायचे. हे मी मुद्दाम लिहिते. माझ्या पत्रकात हे नव्हतं.

एकदा आमच्या शाळेचे गुरुजी मोटारसायकलवरून पडून आले. मनगट मागच्या बाजूला वाकलेलं, पालथी ठेवलेली पळीच जणू. मी चौथीत असेन. ज्या हाताने मला छडी बसायची तो हात आज आमच्या दारात, म्हणून मी अगदी पुढे जाऊन उभी राहिले होते.

"आधी बरा हात दावा," आण्णा म्हणाले.

"अहो आण्णा, मोडलाय तो हा."

"ते दिसतंय की मला. बरा दावा आधी."

"बरा बघून काय करायचंय?"

"गुर्जी, तुमी पोरांला नापास कशावरनं करता? बरूबर उत्तर म्हाईत असतंय म्हणूनच न्हवं?"

गुरुजी एवढ्या दुखण्यातही हसले. आण्णांनी त्यांचा बरा हात घेतला, डोळे मिटले आणि कोपरापासून खाली बोटं चालवत आले. डोळे मिटूनच मग मोडका घेतला. तोवर त्यांचं तोंड चालू, पाऊस, गुरुजींची बदली, कुणाचा बैल. आणि गुरुजी बदलीवर तावातावाने काही सांगायला लागले त्याच क्षणी एक ओढ, एक दाब, आणि पळी सरळ.

दुपारी मेंढरं बाभळीच्या सावलीला एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून उभी राहिली की आण्णांना उसंत मिळायची. तेव्हा ते माझा हात घेऊन बसत. मला शिकवायचं म्हणून नव्हे. ज्याच्या त्याच्या हातावर त्यांची बोटं अशीच जायची, जशी आईची बोटं दिसेल त्या धान्यात खडे शोधायची. "हितं कोपरापासनं दोन हाडं हायती. एक बसकं, एक फिरतं. तळवा उताना कर. आता पालथा. कळलं कोण फिरलं?" त्यांच्या अंगठ्याखाली माझं एक हाड दुसऱ्यावरून सरकत जायचं आणि मला गुदगुल्या व्हायच्या. "मेंढीची ही दोन जुळलेली असत्यात. तिचा पाय फिरत न्हाई. माणसाचा हात फिरतूय. तेवढाच काय तो फरक." मेंढी ज्याला पुढच्या पायाचा गुडघा म्हणून टेकते ते खरं तिचं मनगट, हेही मला तिथंच कळलं. त्या मनगटातले खडे ते बोटांनी मोजून दाखवायचे. हाडांना ते खडेच म्हणत. "मूठ वळ. बघ, चारी बोटं कशी एकाच जाग्याकडं बघत्यात, अंगठ्याच्या बुडाकडं. एखादं बोट दुसरीकडं बघाय लागलं की वळखायचं, आत हाड पिळलंय." मग नख दाबायचं, पांढरं पडतंय, सोडलं की लाल होतंय का. मग मला डोळे मिटायला लावून लोकरीचा एवढासा पुंजका एकेका बोटाला लावायचे. "आता कुठं लागली?" "करंगळीला." "आता?" "लावलीच नाही." "हां. फसवून बघितलं." शेवटी पाण्याने भरलेला तांब्या. हात लांब करून तांब्या उचलला आणि पाणी हिंदकळलं नाही, तर हाड शाबूत. मेंढीनं पाय टेकला की मेंढी बरी, तसंच.

मी पुढे हाताच्या रचनेची जाडजूड पुस्तकं वाचली, डॉक्टरांच्या शिबिरांना बसले. आण्णांनी दाखवलेल्या खुणांतली जवळजवळ प्रत्येक खूण मला तिथं भेटली, तीसुद्धा त्याच क्रमाने. फक्त बाभळीची सावली नव्हती, आणि माझा हात कुणी इतका वेळ धरून बसलं नव्हतं.

बारावीनंतर मी पोलीस भरतीच्या नादाला लागले. नाद म्हणते, पण आमच्याकडे पोरीला घराबाहेर पडायचे दोनच रस्ते होते, एक लग्नाचा आणि एक भरतीचा. कुंडलला माझी आत्या होती. तिथल्या एका मैदानावर भरतीची तयारी करून घेत, म्हणून मी तिच्याकडे राहायला गेले. पहाटे कालव्याच्या रस्त्याने पळणं, मग गोळाफेक. चार किलोचा गोळा मानेशी टेकवायचा आणि शेवटचा झटका मनगटाने द्यायचा. माझा गोळा लांब जायचा. आमचे सर म्हणायचे, "हिनं मेंढरं फेकलीत लहानपणी." मला ते आवडायचं. मी नक्की लागणार असं सगळे म्हणत होते, आणि मीही वर्दी घालून म्हसवडच्या स्टँडवर उतरल्याचं मनात इतक्यांदा बघितलं होतं की ते झालंच आहे असं वाटायचं.

कारखाना चालू होता. उसाच्या ट्रॉल्या त्याच रस्त्याने जायच्या आणि मागे पाचट, कांड्या सांडत जायच्या. मैदानी चाचणीला तीन आठवडे उरले असताना एका पहाटे माझा पाय चिरडलेल्या कांडीवर पडला आणि मी पुढे उजव्या तळव्यावर आदळले. बाकी काही नाही. गुडघा खरचटला, तळव्यात खडी रुतली, मनगट जरा सुजलं. आत्या म्हणाली, "सारके, फोटो काढून ये." तालुक्याच्या दवाखान्यात गेले. रांगेत चार तास, फोटो, आणि एका तरुण डॉक्टरने उजेडाकडे धरून अर्धा मिनिट बघितला. "हाड ठीक आहे. मुका मार." चिकटपट्टी, गोळ्या, पुढचा. माझ्या हाताला त्याने हात लावला नाही. मनगटातल्या ज्या एका हाडाची चीर पहिल्या फोटोत दिसतच नाही बऱ्याचदा, त्यासाठी दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा फोटो काढायचा असतो. हे वाक्य बोलायला किती वेळ लागतो? मी आज शिबिरात घड्याळ लावून दाखवते.

तो आठवडा मी आत्याच्या घरी पट्टी बांधून बसून काढला. समोर तिच्या सासूबाई बसायच्या. दुपारी जेवण झालं की म्हातारी अंगठा ताठ करायची. अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या कडेला दोन शिरा उभ्या राहतात आणि मधे एक खळगी पडते, त्या खळगीत ती चिमूटभर तपकीर ठेवायची आणि नाकाने ओढायची. रोज. माझ्यापासून हातभर अंतरावर. मी तिच्या शिंका मोजायची.

सूज उतरली, पण गोळा धरला की कळ यायची. मी एसटीने विट्याला, तिथून दिघंची, तिथून म्हसवड, अशी घरी गेले. आण्णा वाटच बघत होते. कडुनिंबाखालच्या धोंड्यावर, जिथं आयुष्यभर इतरांना बसलेलं बघितलं, तिथं मी बसले.

"आधी बरा हात दाव."

"आण्णा, मी आहे. घरातलीच आहे मी."

"म्हणून काय झालं? दाव."

सगळं केलं त्यांनी. बसकं हाड, फिरतं हाड. दोन्ही एकमेकांवर दाबून बघितली. मूठ वळवली, चारी बोटं जिथं बघायला हवीत तिथंच बघत होती. नखं, लोकर. आई दारात उभी होती, हाताला पीठ तसंच. मग तांब्या. मी हात लांब केला आणि उचलला, आणि अंगठ्याच्या बुडातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे पांढरं झालं. पाणी हिंदकळलं नाही. चार किलोचा गोळा धरणारा हात तो, पाणी कसं हिंदकळेल?

आण्णा माझ्या तोंडाकडे बघत होते. "दुखलं?"

"न्हाई."

"सारके, खरं सांग."

"न्हाई म्हणलं की. जरा अवघडल्यासारखं वाटतंय, बाकी काय न्हाई."

"मग हाड शाबूत हाय," ते म्हणाले. त्यांचा आवाज मोकळा झाला. "मालिश कर तेलानं. पळ, फेक, काय करायचं ते कर." आई आत गेली आणि भाकरीचा आवाज पुन्हा सुरू झाला. मी तांब्या खाली ठेवला. त्या क्षणी मी एवढं एक अक्षर बोलले असते, तर त्यांनी कामट्या बांधल्या असत्या, महिना-दीड महिना हात हलू दिला नसता, आणि मैदान गेलं असतं. मला मैदान हवं होतं.

मैदान तसंही गेलं. सांगलीत, रांगेत माझा नंबर आला, मी गोळा मानेशी टेकवला, शेवटचा झटका दिला आणि आतून काहीतरी सरकलं. गोळा माझ्या पायापासून दोन पावलांवर पडला. मागच्या पोरी हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढे कित्येक महिन्यांनी मिरजेला एका मोठ्या दवाखान्यात एका वयस्क डॉक्टरबाईंनी मला अंगठा ताठ करायला सांगितलं. दोन शिरा उभ्या राहिल्या, मधे खळगी पडली. बाईंनी त्या खळगीत बोट दाबलं आणि मी किंचाळले. "इथे कुणी दाबून बघितलं होतं का?" त्यांनी विचारलं. कुणीच नाही. तपकिरीच्या त्या खळगीच्या तळाशी होडीच्या आकाराचं एक छोटं हाड असतं. त्याला रक्त एकाच टोकाने मिळतं. मधून मोडलं आणि हलत राहिलं तर दुसरा अर्धा भाग उपाशी मरतो. माझा मेला होता. ऑपरेशन झालं, मळसूत्र बसलं, मनगट वाचलं असं म्हणतात. ते अर्धंच वाकतं. आण्णा म्हणायचे ना, मूठ वळली की चारी बोटं अंगठ्याच्या बुडाकडे बघतात? ती याच हाडाकडे बघतात. आयुष्यभर त्यांनी शेकडो मुठी वळवून बघितल्या, शेकडो बोटं त्यांना तिथं खूण करत होती.

मग मी संघटनेत आले. माझ्यात राग होता आणि संघटनेला लिहिणारं माणूस हवं होतं. माझं पहिलं पत्रक मी एका बैठकीत लिहून काढलं, डाव्या हाताने. मथळा होता, 'हात द्याल त्याला, हात जाईल!' त्यात तालुक्याच्या दवाखान्याला एक ओळ होती, वाट बघायला लावण्याबद्दल. बाकी सगळं हाडं बसवणाऱ्यांवर. 'मेंढरांवर शिकलेल्या अडाणी हातांनी एका तरुणीचं भविष्य चिरडलं. अंगठ्याच्या बुडाशी मोडलेलं हाड त्यांना सापडलंच नाही.' अडाणी हा शब्द मी लिहिला. नाव नव्हतं. माण तालुक्यात नाव कशाला हवं? म्हसवडच्या बाजारात मी ते स्वतः वाटलं आणि लोक वाचून माझ्या मनगटाकडे बघत होते.

आण्णांना वाचायला वेळ लागतो. आईने मला नंतर सांगितलं, त्यांनी ते कडुनिंबाखाली बसून ओळीवर बोट ठेवून सबंध वाचलं, दोनदा. मग कामट्यांचा जुडगा आणला आणि चुलीपुढे टाकला. त्या कामट्यांवर त्या दिवशी माडगं शिजलं. धोंड्यावर दुसऱ्या दिवशी देवापूरकडची एक बाई हात धरून बसली होती, तिला ते म्हणाले, "न्हाई गं बाय. सोडलं मी." ती दवाखान्यात गेली, तिथं फोटोचं मशीन बंद होतं, मग ती कुणा दुसऱ्याकडे गेली, जो रक्त बघूनही हात लावतो. तिचा हात मी नंतर बघितला. तो कुठल्याच पत्रकात घातला नाही.

मी घरी गेले तेव्हा आण्णा भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "मेंढीला अंगठा नसतो बग. ह्ये माझ्या ध्यानातच आलं न्हाई कवा." हात फिरतो एवढाच फरक, असं ते समजत आले होते. दुसरा फरक त्यांना माझ्या कागदाने दाखवला, आणि त्यांनी तो मान्य करून टाकला, काही न विचारता. आणि मी गप्प बसले. दहा वर्षं. भाषणात मी लोकांना सांगते, अन्याय झाला तर तोंड उघडा.

मला काय हवंसं वाटायचं, ते सांगते. सांगलीच्या खोलीत दुपारी हात दुखायला लागला की मला गोळी नको असायची. कुणीतरी कोपरापासून खाली बोटं चालवत यावं, डोळे मिटून, पावसापाण्याचं बोलत. शिबिरात मी बायांना शिकवते, आधी बरा हात बघा, मग दुखरा. बऱ्या हातालाही त्या खळगीत दाबलं की थोडं खुपतं, म्हणून दोन्ही ताडून बघा. बाया एकमेकींचे हात घेतात, हसतात, "आगं तुझं नख बघ की," म्हणतात. मी समोर उभी असते, आणि माझा हात कुणीच घेतलेला नसतो.

यंदा कातरणीला मी घरी गेले. आता अकराच मेंढरं आहेत. आण्णा मेंढीला आडवी पाडून, पुढचे पाय मांडीखाली दाबून कातरत होते आणि मी डोकं धरलं होतं, डाव्या हाताने. त्यांनी ते बघितलं. कातरीचा आवाज चालू होता, आणि मी त्या आवाजातच बोलून टाकलं.

"आण्णा, तवा दुखलं हुतं."

"कवा?"

"तांब्या उचलला तवा. लय दुखलं हुतं. मी खोटं बोलले."

कातर थांबली. "का?"

"तुमी हात बांधला असता. मैदान गेलं असतं."

"बांधलाच असता," ते म्हणाले. मग मेंढीच्या पाठीवरची मोकळी लोकर बाजूला सारली. "मग त्ये कागदात का न्हाई लिवलंस?"

मी मेंढीच्या डोक्यावरचा हात काढून घेतला. त्यांनी मांडी उचलली, मेंढी उठली आणि अर्धी कातरलेली, अर्ध्या अंगावर लोकर लोंबत, माळावर पळत सुटली. आण्णा तिच्या मागे गेले नाहीत, दुसऱ्याच दिशेने चालू लागले.

आई बाहेर आली. "झालं? काय केलंस गं? अर्धं मेंढरू पळीवलंस?" मी सांगितलं. सगळं. ती पायरीवर बसली. "मला वाटलंच हुतं," ती म्हणाली, "तुझी मान तवा ताठ झाली हुती. पर मी म्हणलं, त्येंला कळतंय त्ये मला कुठनं कळणार?" मग उठली आणि पदर खोचत म्हणाली, "वर्सानुवर्सं ह्ये माणूस धोंड्याकडं पाठ करून बसतंय. तुला दिसलं न्हाई व्हय गं?"

आण्णा जेवायला आले. माडगं होतं, बाजरीची भाकरी, खरडा. तिघंही खाली मान घालून जेवलो. मेंढी आपली आपणच परत आली होती आणि दारात उभी राहून आमच्याकडे बघत होती, एका बाजूने गोरी. मला हसू आलं आणि मी ते दाबलं. आण्णा हात धुवायला बाहेर गेले, मी पाणी घालायला तांब्या घेऊन मागे गेले. तोच तांब्या. त्यांनी हात धुतले, धोतराला पुसले, आणि धोंड्याकडे बोट केलं.

"बस."

मी बसले.

"आधी बरा हात दाव."

मी डावा पुढे केला. त्यांनी डोळे मिटले. दहा वर्षांत त्यांची बोटं कडक झाली होती, पण कोपरापासून खाली येताना रस्ता चुकली नाहीत. बसकं, फिरतं, मनगटातले खडे. "अंगठा ताठ कर," ते म्हणाले. हे त्यांना कुणी सांगितलं होतं, मला माहीत नाही. कदाचित माझ्याच एखाद्या पत्रकातून त्यांनी ओळीवर बोट ठेवून वाचलं असेल. खळगी पडली. त्यांनी तिथं अंगठा टेकवला आणि किती तरी वेळ तसाच ठेवला, बरोबर उत्तर पाठ करत असल्यासारखा. मग उजवा हात घेतला. तिथं खळगी नीट पडत नाही आता. त्यांनी शोधली. दाबली.

"दुखतंय?"

"व्हय."

"खरं सांग."

"लय दुखतंय, आण्णा."

त्यांनी अंगठा उचलला नाही. मान एकदा हलवली, डोळे मिटलेलेच.

"हां," ते म्हणाले. "हितं हुतं व्हय त्ये."